पाना, पंप आणि मागच्याचा दिवा

वैतरणा त्र्यंबकच्या डोंगरात उगम पावते आणि अर्नाळ्याजवळ समुद्राला मिळते. वाटेत ती मुंबईला पाणी पाजते. मोडकसागर, मध्य वैतरणा आणि ऊर्ध्व वैतरणा ही तिन्ही धरणं तिच्यावरचीच. दुचाकीवर भटकणाऱ्यांना मात्र या नदीची ओढ वेगळ्या कारणाने असते. मुखाकडून उगमाकडे जाणारी एक देखणी वाट तिच्या खोऱ्यातून जाते. विरार फाटा, खानिवडे टोलनाका, वरई फाटा, मनोर, मग उजवीकडे वळून विक्रमगड, जव्हार, मोखाडा आणि शेवटी तोरंगण घाट चढून त्र्यंबकेश्वर. ज्यांना एवढं लांब जायचं नसतं ते मनोरच्या मस्तान नाक्यावरून डावीकडे वळतात, वाघोबा खिंड ओलांडून पालघरला उतरतात आणि बोईसर, तारापूर, चिंचणीचा किनारा करून संध्याकाळी घरी येतात. महामार्गाचं काँक्रीट, खाडीकाठचा खारा वारा, एमआयडीसीतल्या कंटेनरांनी खणून काढलेले रस्ते आणि जव्हारकडची वळणं असं सगळं याच पट्ट्यात भेटतं. गाडीचं एखादं लपलेलं दुखणं असेल तर ते या वाटेवर हमखास बाहेर येतं.

म्हणून हा लेख. वाटेत गाडी बंद पडली तर काय करायचं, कोणत्या क्रमाने करायचं, आणि बरोबरच्यांनी कसं वागायचं, हे सगळं सावकाश सांगायचं आहे. एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करून घ्या. रस्त्यातल्या दुरुस्तीचा हेतू गाडी नवी करणं हा नसतो. ती पुढच्या गॅरेजपर्यंत सुखरूप पोचली की काम झालं. हे एकदा पटलं की माणूस घाबरत नाही आणि नको ते बोल्ट खोलत बसत नाही.

थांबायचं कुठे

गाडीने आचका दिला की हात आपोआप ब्रेककडे जातो. तसं करू नका. इंडिकेटर द्या, आरशात बघा, क्लच दाबून गाडीला तिच्या वेगाने डावीकडे घरंगळू द्या. पांढऱ्या पट्टीच्या बाहेर, जितकं आत जाता येईल तितकं आत जा. पुलावर कधीही थांबू नका. महामार्गावरच्या पुलांवर कडेची पट्टी अरुंद होते किंवा नाहीशीच होते, आणि मागून येणाऱ्या वाहनाला आपल्याला चुकवायला जागाच उरत नाही. चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर ४ सप्टेंबर २०२२ रोजी उद्योगपती सायरस मिस्त्री यांची गाडी कठड्यावर आदळून ते गेले, तो याच महामार्गावरचा पूल. पंक्चर झालेल्या चाकावर पूल ओलांडल्याने ट्यूब गेली तर जाऊ द्या, नवी मिळते.

थांबल्यावर गाडीच्या आणि रहदारीच्या मध्ये उभं राहून काम करायचं नाही. एकाने पन्नासेक पावलं मागे जाऊन उभं राहायचं, दिवसा भडक रंगाचं कापड घेऊन आणि रात्री बॅटरी घेऊन. हे काम कंटाळवाणं असतं, म्हणून ते आळीपाळीने करायचं. पावसाळ्यात कडेची माती इतकी मऊ असते की डबल स्टँड आत रुततो आणि चाक उतरवलेली गाडी आडवी होते. स्टँडखाली चपटा दगड किंवा फळी घाला.

आधी कान, मग पाना

इंजिन बंद पडलं तर पहिला प्रश्न असा: ते कसं बंद पडलं? चालता चालता अडखळत, दम लागल्यासारखं करत थांबलं, तर बहुतेक वेळा पेट्रोल पोचत नाहीये. बटण दाबल्यासारखं एका क्षणात गप्प झालं, तर करंटचा घोटाळा शोधायचा. हा नियम दर वेळी खरा ठरतोच असं नाही, पण शोध कुठून सुरू करायचा ते तो सांगतो.

त्याआधी दोन-तीन क्षुल्लक गोष्टी बघा, कारण अर्ध्याहून अधिक वेळा तिथेच उत्तर सापडतं. हँडलवरचं इंजिन बंद करायचं बटण चुकून दाबलं गेलंय का? नव्या गाड्यांत साइड स्टँड खाली असेल तर गिअर टाकताच इंजिन बंद होतं. स्टँड नीट वर गेलाय का, की चिखलाने त्याचा स्विच अडकलाय? जुन्या गाडीत पेट्रोलचा कॉक रिझर्व्हला करून पाहिला का?

लांबच्या प्रवासात आणखी एक मजेदार दुखणं होतं, आणि भलेभले त्याने चक्रावतात. गाडी वीस-पंचवीस किलोमीटर छान चालते, मग अडखळून थांबते. पाच मिनिटं विसावली की पुन्हा चालते. पेट्रोलच्या टाकीच्या झाकणाला हवा आत जाण्यासाठी एक बारीक भोक असतं. ते मातीने बुजलं, किंवा टाकीवर बांधलेल्या बॅगेखाली दबलं, की टाकीत हवा शिरत नाही आणि पेट्रोल खाली उतरत नाही. झाकण उघडताच आत हवा खेचली गेल्याचा आवाज आला तर समजा रोग सापडला. बॅग जरा मागे सरकवा, भोक टाचणीने साफ करा, आणि निघा.

पेट्रोल ठीक असेल तर प्लग काढा. तो पुन्हा टोपीत बसवून त्याचा लोखंडी भाग इंजिनच्या धातूला टेकवायचा आणि किक किंवा स्टार्टर मारायचा. टणक निळी ठिणगी दिसली पाहिजे. पेट्रोल सांडलेलं असेल तिथे हे करायचं नाही, आणि प्लगच्या भोकापासून ठिणगी दूर ठेवायची. प्लग पेट्रोलने ओला असेल तर इंजिन तुंबलंय. प्लग पुसून बसवा, चोक बंद करा, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण उघडा ठेवून किक मारा. कोरडा आणि काजळीने काळा असेल तर घासून साफ करा आणि घरी गेल्यावर एअर फिल्टर बघा. पिवळट-तपकिरी असेल तर प्लग निरोगी आहे, दुसरीकडे शोधा.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आले आणि साध्या गाड्यांतूनही कार्ब्युरेटर जाऊन इंजेक्शन आलं. कार्ब्युरेटरमध्ये कचरा आला तर खालचा स्क्रू सैल करून वाटीतलं पेट्रोल काढून टाकलं की बरेचदा भागायचं. इंजेक्शनच्या गाडीत तसं काही नसतं. तिला बॅटरी धडधाकट लागते. पेट्रोलपंप टाकीच्या आतच बसवलेला असतो आणि पेट्रोलच त्याला थंड ठेवतं, म्हणून टाकी कोरडी होईपर्यंत चालवू नका. काही चालेनासं झालं तर फ्यूज बघा, बॅटरीचे नट हाताने हलवून बघा. केळवे, सातपाटी, चिंचणी या पट्ट्यात सतत फिरणाऱ्या गाडीच्या टर्मिनलवर खाऱ्या हवेने पांढरी-हिरवी भुकटी धरते. ती खरवडून नट आवळला की मेलेली गाडी जिवंत झालेली मी अनेकदा पाहिली आहे. याच्या पलीकडचं दुखणं असेल तर रस्त्यात हात घालू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

पंक्चर

या वाटेवर सगळ्यात जास्त वेळा होणारी गोष्ट हीच. खिळ्याइतकाच दोष ट्रकच्या टायरांचा असतो. फुटलेल्या टायरच्या चिंध्या कडेला पडून राहतात आणि त्यातली केसाएवढी पोलादी तार आपल्या टायरमध्ये शिरते. बोईसरच्या औद्योगिक भागात लेथवरून निघालेला धातूचा कीसही रस्त्यावर येतो. म्हणून महामार्गावर अगदी कडेने, कचरा साचतो त्या पट्टीतून गाडी चालवू नये.

अलॉयच्या चाकांवर बहुधा ट्यूबलेस टायर असतात, तारांच्या चाकांत बहुधा ट्यूब. ट्यूबलेसचं काम सोपं. खिळा सापडला तरी सगळी तयारी होईपर्यंत उपटू नका, तो भोक बुजवून बसलेला असतो. सुईत चिकट पट्टी ओवून ठेवा, मग खिळा काढा, भोक कानशीच्या सुईने आत-बाहेर करून खरखरीत करा, पट्टी दोन टोकं बाहेर राहतील इतकी आत दाबा आणि सुई झटक्यात ओढा. वर थुंकी लावून बुडबुडे येतात का बघा. टायर बाजूने फाटला असेल तर पट्टी टिकत नाही. तिथे आत ट्यूब घालणं हाच उपाय.

ट्यूबचं काम वेळखाऊ असतं, पण एकदा हाताला बसलं की त्यात आनंद आहे. चाक उतरवण्याआधी ते हाताने हळूहळू फिरवा, खिळा शोधा आणि तिथे खडूने खूण करा. वॉल्वपासून खूण किती लांब आहे ते लक्षात ठेवलं की ट्यूबवरचं भोक लगेच सापडतं. मग मागच्या ब्रेकच्या सळईचा नट काढा, एक्सलचा नट सैल करा, एक्सल ओढून घ्या. रोजच्या वापराच्या बऱ्याच गाड्यांत चेन आणि स्प्रॉकेट जागेवर राहतात आणि चाक तेवढं बाहेर येतं. निघालेली प्रत्येक वस्तू, नट, वायसर, स्पेसर, ज्या क्रमाने निघाली त्या क्रमाने एका फडक्यावर मांडा. गवतात हरवलेला स्पेसर शोधण्यात सगळ्यांची दुपार जाते.

वॉल्वची पिन काढून हवा पूर्ण सोडा. टायरवर उभं राहून त्याची कड रिमपासून सुटी करा. रिमच्या मध्यभागी एक खोलगट पन्हळ असते. समोरची कड त्या पन्हळीत दाबून ठेवली की इकडची कड सैल होते आणि लिव्हरला जोर लावावा लागत नाही. जोर लावावा लागतोय म्हणजे समोरची कड पन्हळीतून निसटली आहे. वॉल्वच्या जवळून उघडायला सुरुवात करा, एकच बाजू बाहेर काढा, ट्यूब ओढून घ्या. तिच्यात थोडी हवा भरून गालाजवळ धरा, वारा लागतो. किंवा ओढ्याच्या पाण्यात बुडवा.

भोकाभोवतीची जागा काचकागदाने घासा, पॅचपेक्षा मोठी. सोल्युशनचा पातळ थर लावा आणि थांबा. बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबायचं, साधारण पाच मिनिटं. घाईत ओल्यावरच पॅच मारला तर तो दहा किलोमीटरवर सुटतो. उन्हाळ्यात मनोर-पालघर रस्त्यावर ताडगोळेवाल्या बायका बसलेल्या असतात. सोल्युशन वाळायला लागणारा वेळ आणि एकेक ताडगोळा सोलून खायला लागणारा वेळ छान जुळतो. मग पॅच दाबा, स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने मधून कडेकडे घोटा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. टायरच्या आतून फडकं फिरवा, बोट फिरवू नका. तार अजून तिथेच असेल तर फडक्यात अडकेल, नाहीतर बोटात शिरेल. ती पक्कडीने उपटल्याशिवाय ट्यूब परत घालणं म्हणजे दुसऱ्या पंक्चरला आमंत्रण. ट्यूबमध्ये आकार येईल इतकी हवा भरून ती पीळ न पडता बसवा. टायरची कड आता वॉल्वच्या समोरून बसवायला घ्या आणि वॉल्वपाशी संपवा. शेवटची वीतभर कड घट्ट लागते. तिथे लिव्हर खोल खुपसू नका, ट्यूब चिमटून नवं भोक पडतं. साबणाचं पाणी लावा आणि गुडघ्याने रेटा. वॉल्व एकदा आत ढकलून बघा, म्हणजे ट्यूब कडेखाली दबलेली नाही याची खात्री होते. हवा भरल्यावर टायरची रेघ रिमभोवती सगळीकडे सारखी दिसली पाहिजे.

चाक बसवल्यावर चेनचा ताण बघा, मधोमध बोटाने वर-खाली करून साधारण २५ ते ३० मिलिमीटर खेळ असावा. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. ब्रेकचा नट आवळा आणि निघण्याआधी ब्रेक दोन-चार वेळा दाबून पाहा. पंपाने भरलेली हवा पुढच्या पेट्रोल पंपावर मोजून घ्या.

क्लचची केबल आणि चालू ठेवलेली गाडी

केबल अचानक तुटते असं वाटतं, पण ती आधी सांगते. क्लच जड होतो, खरखरतो. लिव्हरपाशी बघितलं तर एखादी तार सुटून वर आलेली दिसते. त्याच वेळी बदलली तर बरं. लांबच्या प्रवासाला निघताना नवी केबल जुनीच्या शेजारून ओढून टाय-पट्ट्यांनी बांधून ठेवायची. जुनी तुटली की टाकी न उतरवता दोन टोकं बदलली, झालं.

एका ऑक्टोबरात वरईहून सफाळ्याला जाताना तांदूळवाडीच्या घाटात आमच्यातल्या एकाची केबल तुटली, आणि नवी नेमकी त्याच्याच गाडीवर नव्हती. शेजारच्या खाचरात भातकापणी चालली होती. विळा हातात घेतलेला एक म्हातारा बांधावर आला.

“दादा, केबल गेली का?”

“हो काका. इकडे जवळ गॅरेज?”

“सफाळ्यात. पण क्लच नसला तरी जाते की गाडी. उताराला तोंड करा.”

त्यांनी सांगितलं तसंच केलं. गाडी न्यूट्रलमध्ये चालू करायची, दोघांनी मागून धावत ढकलायची, वेग आला की पायाने पहिला गिअर टाकायचा. पुढचे गिअर टाकताना अ‍ॅक्सिलरेटर क्षणभर सोडायचा आणि त्याच क्षणी पाय दाबायचा. थांबायचं असेल तर थांबण्याआधी न्यूट्रल. शक्यतो थांबायचंच नाही, म्हणून बाकीचे पुढे-मागे राहून त्याला रस्ता मोकळा करून देत होते. सफाळ्यातल्या गॅरेजवाल्याकडे त्या गाडीची केबल नव्हती. त्याने शेजारच्या इलेक्ट्रिकलच्या दुकानातून वायर जोडायचा कनेक्टर आणला, त्याचं प्लास्टिक सोलून आतली पितळी नळी काढली, तुटक्या तारेच्या टोकाला घातली आणि दोन स्क्रू आवळले. नवी घुंडी तयार. त्या घुंडीवर गाडी पालघरला पोचली आणि तिथे केबल बदलली. तेव्हापासून असा एक कनेक्टर माझ्या टूलकिटमध्ये असतो.

चेनचं लॉक तुटलं तर जास्तीचं लॉक लागतं. त्याची पत्ती बसवताना बंद टोक चेन ज्या दिशेने फिरते त्या बाजूला ठेवायचं, उलटं बसलं तर ती निसटू शकते. दगड लागून इंजिनच्या खालच्या भागाला चीर गेली तर जागा पेट्रोलने पुसून एम-सील भरा आणि वाळायला तासभर द्या. टाकीला टाचणीएवढं भोक पडलं तर अंगाला लावायची साबणाची वडी त्यावर घासायची. पेट्रोलमध्ये साबण विरघळत नाही, गळती तात्पुरती थांबते. मात्र इंजिन गार होऊ द्या आणि विडीकाडीवाल्याला दूर पाठवा.

बरोबरची माणसं

आता जे मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते. गटाने चालताना एक साधा नियम पाळला तर फोनला रेंज नसली तरी कुणी हरवत नाही, आणि जव्हार-मोखाड्याच्या बाजूला रेंज जातेच. प्रत्येकाने आरशात आपल्या मागच्याचा दिवा बघत राहायचं. तो दिसेनासा झाला की वेग कमी करायचा. तरी दिसला नाही तर थांबायचं. तुम्ही थांबलात की तुमच्या पुढच्याला तुमचा दिवा दिसेनासा होतो, तोही थांबतो. असं करत सगळी रांग आपोआप थांबते. पुढे कोण चालतो याला फार महत्त्व नाही. शेवटी मात्र गटातला सगळ्यात जाणता आणि सगळ्यात शांत गडी असावा, आणि पंप, लिव्हर, पॅच त्याच्याकडे असावेत. बंद पडलेली गाडी त्याच्या पुढेच असणार.

सामान वाटून घ्यावं. प्रत्येकाने पंप आणायची गरज नसते, पण आपल्या गाडीची केबल, प्लग, फ्यूज आणि ट्यूब ज्याची त्याने आणायची. गाडी कुणाची बंद पडली यावर बोलायचं नाही. सर्व्हिसिंग केलं होतं का, हा प्रश्न घरी परतल्यावर विचारावा. काम एकाने करायचं, दुसऱ्याने हातात हत्यार द्यायचं, बाकीच्यांनी रहदारी, पाणी आणि चहा बघायचा. चार जण चार पाने घेऊन एकाच चाकावर वाकले की नट हरवतो आणि आवाज चढतो. नवशिक्याला शेजारी बसवून पॅच त्याच्या हातून मारून घ्यावा. माझ्या ओळखीतल्या कितीतरी मैत्र्या अशा एखाद्या चाकाभोवती जुळल्या आणि टिकल्या. प्रवासातल्या धबधब्याचे फोटो आठवत नाहीत, पण बॅटरी कुणी धरली होती ते आठवतं.

बंद गाडीला मागच्या गाडीवरून पाय लावून ढकलत नेण्याची आपल्याकडे सर्रास पद्धत आहे. रिकाम्या गावरस्त्यावर पायी चालण्याच्या वेगाने ठीक. महामार्गावर मुळीच नाही. तिथे १०३३ हा महामार्ग प्राधिकरणाचा क्रमांक लावा, अपघात असेल तर १०८ किंवा ११२. जखमीला मदत करताना पोलिसांच्या चौकशीला भिऊ नका. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेलं कलम १३४-अ मदत करणाऱ्याला संरक्षण देतं. नाव सांगायचीही सक्ती करता येत नाही.

आणि स्थानिक माणसांचं मोल ओळखा. नाक्यावरचा पंक्चरवाला रात्री झोपेतून उठून शटर उघडतो, बोईसरचा वेल्डर तुटलेलं फूटरेस्ट दहा मिनिटांत जोडून देतो. त्यांनी सांगितलेल्या पैशांत घासाघीस करू नका. बांधावरून उतरून आलेल्या काकांना पैसे देऊ केले तर त्यांना वाईट वाटतं. त्यांच्याबरोबर बसून चहा घ्या आणि नाव-गाव विचारा.

शेवटी एक विनंती. पुढच्या फेरीच्या आधी एखाद्या रविवारी घराच्या अंगणात किंवा सोसायटीच्या पार्किंगमध्ये मागचं चाक स्वतः उतरवून परत बसवा, मुलगा-मुलगी असेल तर त्यांना शेजारी घेऊन. पहिल्यांदा दीड तास लागेल. एक्सलचा नट कोणत्या नंबरच्या पान्याने निघतो ते तेव्हाच कळेल, आणि बहुतेकांच्या टूलकिटमध्ये नेमका तोच पाना नसतो. तो सोमवारी विकत घ्या.